जुनी बाटली

आमच्या प्रयोगशाळेत तमालदाने अर्धवाहकाच्या नॅनोकांड्या वाढवल्या, पण द्रावकाची नवी, शुद्ध बाटली आली आणि त्याला त्या जमेनात. "पुन्हा करून दाखव," सर म्हणाले. दर वेळी गोळेच आले. "कांड्या कसल्या, हे तर रसगुल्ले!" सगळे हसले, मीसुद्धा. खोटारडा ठरून तो कोलकाता सोडून गेला.

परवा कपाटामागे त्याची जुनी, पिवळट बाटली सापडली. मी प्रयोग केला आणि सरांकडे धावले. "सर, ध्रुवण फिल्टर फिरवला की एकेका कणाची चमक मंदावतेय, म्हणजे कांड्याच! गोळ्यांची कधी मंदावते का? या बाटलीतल्या मळानेच कांड्या वाढतात. तमालदा खरं बोलत होता."

"किती उरलंय?"

"एका प्रयोगापुरतं."

सरांनी बाटली बेसिनमध्ये उपडी केली, नळ सोडला आणि म्हणाले, "पुन्हा करून दाखव."