पहिलं पाणी

सुलनचं लग्न झालं, त्याच साली शहराची महापालिका झाली. महापौर आले, आयुक्त आले. तरी वॉर्डाला पाणी सुटायचं ते पाणीखात्यातल्या तुळशीरामच्या चावीनंच.

लेकीच्या, सुलनच्या हळदीसाठी त्यानं खालची आळी बंद करून दोन दिवस स्वतःच्या आळीला पाणी चालू ठेवलं. मांडवात जुने मुकादम म्हणाले, "तुळशा, खालचा पाइप गटारातून गेलाय. रिकामा राहिला की गटार पितो." त्यानं ते कानाआड केलं.

खालच्या आळीत राहणारी त्याची थोरली बहीण, हौसाक्का, हसली. "भाचीच्या हळदीपायी माझा हंडा कोरडा की रं."

"उद्या पहिलं पाणी तुलाच, अक्का."

शब्द त्यानं पाळला. पाणी जरा गढूळ आलं. अक्कानं फडक्यानं गाळून घेतलं.

सुलन मांडवपरतणीला माहेरी आली, त्या सोमवारी दुपारी हौसाक्का जुलाबानं वारली.