ओळखीचा आवाज

बेशुद्ध सुहासच्या डोक्याला जबर मार होता. रुग्णाचा कान शाबूत असेल, तर त्या कानाने शेवटी ऐकलेलं सगळं दवाखान्यातल्या यंत्रातून पुन्हा ऐकू येई, आणि ते आवाज घरच्याच माणसाने ओळखून सांगायचे असत. म्हणून डॉक्टर पेडणेकरांनी हेडफोन त्याच्या आईच्या, कुसुमताईंच्या कानांवर चढवला.

सुहास जिन्यावरून घसरला, असं त्याच्या धाकट्या भावाने, हेमंतने सांगितलं होतं.

आधी कुकरची शिट्टी ऐकू आली. मग हेमंतचा आवाज, अगदी स्वच्छ: "आज तुला जिवंत सोडत नाही, दादा."

कुसुमताईंनी वर पाहिलं. समोर हेमंत त्यांच्यासाठी चहा घेऊन उभा होता.

"कुणाचा आवाज आहे, ताई?" डॉक्टरांनी विचारलं.

"नुसती खरखर आहे," त्या कशाबशा म्हणाल्या. "कान गेलाय माझ्या पोराचा. तसंच लिहा."