अडतीस मिनिटांचं माहेर

केतकी बाळंत होऊन पाच दिवस झाले होते. आई नातीला शेक देत असताना टोरांटोहून जावयाचा, शार्दूलचा फोन आला. केतकीनं तो स्पीकरवर घेतला.

“केतकी, महिनाभर माहेरी कशाला? नागपूरहून अडतीस मिनिटांत विमान येतं. रोज ये, स्वयंपाक करून परत जा. वीस तास लागायचे तेव्हाची गोष्ट वेगळी.”

केतकीचे टाके ओढत होते. आईनं फोन घेतला.

“जावईबापू, तिकडून इकडे यायला किती लागतात हो?”

“तेवढीच की.”

“असं होय! पाच दिवसांत लेकीचं तोंड बघायला आला नाहीत, म्हणून वाटलं, तिकडून अजून वीस तासच लागत असतील.”

“आज जरा मीटिंग आहे, आई.”

“करा हो मीटिंग. जमलं तर वरणभातही शिका. केतकी सव्वा महिना इथंच राहणार आहे.”

फोन ठेवून तिनं नातीचे तळवे हलकेच शेकले.