लुत्सिनाच्या पावलांनी

बोगुसिया रॅकपुढे थांबली आणि हातातली वस्तू तिने दोन्ही हातांनी धरून नीट पाहिली. केसांचा ब्रश, निळा, एक नग. चार वर्षांत या गोदामात ती काही पाहायला थांबली नव्हती. डाव्या मनगटावरचा स्कॅनर उशीर झाला म्हणून दोनदा किंचाळला. तिने ब्रश ढकलगाडीत ठेवला आणि कान पलीकडच्या ओळीकडे लावले. तिथे लुत्सिनाच्या गुडघ्याचा पट्टा कुरकुरत होता. तो पुढे सरकला, तेव्हाच बोगुसियाने पाऊल उचललं.

पोलंडमधल्या पोझनानजवळच्या या गोदामात तिच्याइतकं झपाझप कुणी चालत नसे. शिफ्ट सुटली की कॅन्टीनच्या दाराशी सगळ्यांची यादी लागायची, किती नग उचलले त्याची. बोगुसियाचं नाव बहुतेकदा पहिलं असे, लुत्सिनाचं अगदी तळाशी. दोघी पूर्वी एकाच डेअरीत होत्या. बोगुसिया प्रयोगशाळेत दूध तपासायची, लुत्सिना लोणी बांधायची. डेअरी बंद पडली आणि दोघी इथे आल्या, महिन्या-महिन्याच्या करारावर. टार्गेट चुकलं की ताकिदीची चिठ्ठी. तीन चिठ्ठ्या झाल्या की घरी. लुत्सिनाला दोन मिळाल्या होत्या, आणि तिच्या पेन्शनला अजून चौदा महिने होते.

गेल्या रविवारी गोदामातल्याच तिमोनच्या बागेच्या तुकड्यावर युनियनची बैठक झाली होती. युनियन म्हणजे तिमोन आणि चाळीस-एक माणसं. सीमेपलीकडच्या जर्मन गोदामातून दोन बायका आल्या होत्या. त्यातली हाइके चेरीचा केक घेऊन आली होती. तिला पोलिश येत नव्हतं. तिने बोगुसियाच्या उजव्या मनगटावरचं बँडेज पाहिलं, आपली बाही वर केली आणि आपलं मनगट तिच्या मनगटाशेजारी ठेवलं. बँडेज त्याच जागी होतं.

"आम्ही उद्यापासून संपावर जातोय," हाइके म्हणाली, आणि तिमोनने ते पोलिशमध्ये सांगितलं. "आम्ही थांबलो की आमच्या ऑर्डरी तुमच्याकडे वळवतात. आमचा संप तुमच्या हातून मोडून घेतात. तुम्हाला कुणी विचारतही नाही."

मंगळवारी इथली शिफ्ट एका तासाने वाढली. कारण कुणी सांगितलं नाही.

"हळू काम करायचं," तिमोन बसमध्ये म्हणाला. "प्रश्न एवढाच, की किती हळू?"

"आणि लुत्सिना?" बोगुसियाने विचारलं. "अजून एक चिठ्ठी आली की ती गेली."



त्या संध्याकाळी बोगुसियाने आपली वही काढली. प्रयोगशाळेतली सवय: रोजचं टार्गेट ती टिपून ठेवत असे, उगीच, हवामान टिपावं तसं. फेब्रुवारीत ती आठवडाभर तापाने पडून होती. त्या आठवड्यात टार्गेट खाली आलं होतं. ती परतली त्याच दिवशी ते पुन्हा वर चढलं होतं, आणि लुत्सिनाला पहिली चिठ्ठी त्याच दिवशी मिळाली होती. बोगुसियाने मागची पानं उलटली. इस्टर, उन्हाळ्याची सुट्टी, प्रत्येक वेळी तेच. टार्गेट वरच्या लोकांवरून ठरत होतं, आणि त्या वरच्यांत ती सगळ्यांच्या कितीतरी पुढे होती.

पहिली चिठ्ठी आली, त्या दिवशी लुत्सिनाची समजूत काढायला बीटाचं सूप घेऊन बोगुसियाच गेली होती.

बुधवारी सकाळी तिने तिमोनला सांगितलं, "लुत्सिनाच्या पुढे कुणी जायचं नाही. हे झालं तुझ्या प्रश्नाचं उत्तर."

"तिला सांगितलंस?"

"नाही, आणि तूही सांगू नकोस. हे तिच्यासाठी चाललंय असं कळलं तर ती घरीच बसेल."

कपडे बदलताना लुत्सिना स्वतःच म्हणाली, "मीसुद्धा हळू करणार हं. त्या केकवालीसाठी."

"तू आपली रोजच्यासारखी कर. तुझ्याहून हळू कुणाला जमायचंय?"

"चावट कुठली." लुत्सिनाने हातमोजा तिच्या पाठीत मारला.

दुपारी शिफ्टचा साहेब बोगुसियाच्या ओळीत आला. "बोगुसियाबाई, बरं वाटत नाही का?"

"छान वाटतंय. तुमच्या नियमाच्या पुस्तकात लिहिलंय ना, एका वेळी एक वस्तू, दोन्ही हातांनी."

त्याने ओळीच्या दोन्ही टोकांना पाहिलं. जिथे तिथे माणसं दोन्ही हातांनी एकेक वस्तू उचलत होती. युनियनमध्ये नसलेलीसुद्धा. पण सगळीच का, हे बोगुसियाला इथून दिसत नव्हतं. गोदाम मोठं होतं. दहा-बारा जण जरी घाबरून पळत सुटले, तरी संध्याकाळी लुत्सिनाच्या हातात तिसरी चिठ्ठी पडणार होती. बोगुसियाने पुन्हा कान लावले. पट्टा कुरकुरला. तिने पाऊल उचललं.

साडेपाचला भोंगा वाजला. कॅन्टीनच्या दाराशी गर्दी होती, पण रोजची ढकलाढकली नव्हती. लोकांनी लुत्सिनाला वाट करून दिली.

तिने चष्मा लावला, खाली वाकली आणि नेहमीप्रमाणे तळापासून नाव शोधू लागली. बोट एकेक ओळ वर सरकत गेलं. अर्ध्यावर ते थांबलं.

"नावच काढून टाकलंय का गं माझं?"

"नाही," बोगुसिया म्हणाली. "अजून वर बघ."

बोट वर गेलं. अजून वर. मग लुत्सिनाला टाचा उचलाव्या लागल्या.