घरगुती चालेल?

"घरगुती चालेल, की कमर्शियल हवं?" दुकानदारानं विचारलं.

'चालेल' हा शब्द कानावर पडताच आईला हसू फुटलं. कालपासून तिनं तो मनात कितीदा तरी घोळवला होता.

काल इस्पितळात ती पाण्याची बाटली भरायला गेली होती. परतली तेव्हा बाबा डॉक्टरांच्या खोलीत उभे होते, आणि डॉक्टर त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणत होते, "चालेल." बस, एवढंच. पण लेक अंथरुणाला खिळल्यापासून आईनं देवाजवळ दुसरं मागितलंच काय होतं? घरी येताना तिनं बाबांचा हात धरून विचारलं, "अहो, खरंच म्हणाले ना तसं?"

"म्हणाले," बाबा म्हणाले, आणि तिच्या उजळलेल्या चेहऱ्याकडे बघत राहिले.

उद्या लेक घरी येणार होती. तिच्या आधी ट्रेडमिल घरात यायला हवी, म्हणून आईनं आज बाबांना जवळजवळ ओढतच आणलं होतं.

दुपारचं दुकान पेंगुळलेलं होतं. समोरासमोरच्या भिंतींना आरसे, त्यामुळे एकेका यंत्राची रांगच्या रांग दिसायची.

"फरक काय हो दोन्हींत?" आईनं विचारलं.

"घरगुती म्हणजे घरच्या एक-दोघांनी तासभर चालायचं. हलकं असतं, घडी करून पलंगाखाली सरकवता येतं. कमर्शियल म्हणजे घाण्याचा बैल, काकू! दिवसभर राबवा, हूं की चूं करणार नाही. पण एकदा ठेवलं की जागचं हलत नाही, आणि विजेची वेगळी लाइन घ्यावी लागते. चालणार कोण?"

"आमची लेक. डॉक्टर कालच म्हणाले, चालेल. पण तिला दोन्ही हातांनी धरता येतील असे लांब कठडे हवेत."

"मग कमर्शियलच घ्या. घरगुतीचे कठडे आखूड. आणि हे अगदी गोगलगाईच्या चालीनं सुरू होतं."

"घरगुतीच बघू," बाबा म्हणाले.

"सुई घ्यायची तरी टोक तपासून घेणारी माणसं तुम्ही. आणि पोरीच्या वेळीच अशी काटकसर?" आई त्यांना म्हणाली.

बाबा दुकानदाराकडे वळून म्हणाले, "भाड्यानं मिळतं का? महिनाभर?"

आईला बाबांची कीव आली आणि मायाही. महिनाभर! म्हणजे उघड बोलत नसले तरी यांनाही वाटतंय, महिन्यात पोर वाऱ्यासारखी पळू लागेल.

"भाड्याचं कशाला काका? दहा वर्षांची वॉरंटी आहे याला."

"दहा वर्षं," बाबा पुटपुटले, आणि चष्मा पुसत खिडकीकडे वळले.

"मी चढून बघू का?" आईनं विचारलं.

"बघा की. कठडे धरा म्हणजे झालं."

पट्टा पायांखालून अलगद सरकू लागला. आई चालत होती आणि कुठेच जात नव्हती. आरशांतून तिच्यासारख्याच कितीतरी बायका एका लयीत पावलं टाकत होत्या. त्यांतल्याच एकीची मान लेकीसारखी कललेली वाटली. मग चपलांची फटफट ऐकू आली, आणि मागं वळून न बघता टाकलेली ती हाक, "आई, चल ना गं, किती रेंगाळतेस!" पूर्वी अशी हाक आली की आई दमून म्हणायची, "पाय आहेत की चाकं, बाई?"

कपाट हलवू, तिनं ठरवलं. यंत्र खिडकीशी ठेवू. चालताना पोरीला रस्ता दिसेल, येणारी-जाणारी माणसं दिसतील. मागं आपण स्टूल घेऊन बसायचं, आणि या वेळी घाई करायची नाही. ती म्हणेल तितकं रेंगाळायचं.

लाल बटण दाबून तिनं डोळे मिटले. पट्टा संथ होऊ लागला.

मागं दुकानदार विचारत होता, "मग काका, कमर्शियल पाठवू ना? खुद्द डॉक्टरांनी शब्द दिलाय म्हणतात काकू."

"काहीच पाठवू नका," बाबा अगदी हळू म्हणाले. पण यंत्राची घरघर थांबली होती, आणि दुकानात दुसरा आवाज नव्हता. "तिनं डॉक्टरांचं उत्तर तेवढं ऐकलं. मी त्यांना विचारलं होतं, उरलेले दिवस पोरीला घरी काढू दिले, तर चालेल का?"