आईचा सर्फिंगचा वर्ग

सकाळचं ऊन समोरच्या इमारतीच्या काचांवर बराच वेळ रेंगाळलं, मग सावकाश आमच्या खिडकीतून उतरून ओट्यावरच्या दोन कपांपाशी थबकलं. आई मात्र थांबायला तयार नव्हती. बाबांच्या मागे ती एकटी पडू नये म्हणून मी तिला परदेशी आणलं. चार मैत्रिणी मिळाव्यात म्हणून बायकांच्या सर्फिंगच्या वर्गातही मीच घातलं.

"येतो किनाऱ्यावर, टॉवेल धरायला."

"नको रे बाबा. मी फळीवरून पडले की तू वाळूत ताडकन उभा राहतोस. बायका म्हणतात, आला तुझा पहारेकरी."

"मग रविवारचं मी घरी काय करू?"

"मी इथे यायच्या आधी काय करायचास?" चपला घालता घालता तिने सहज विचारलं.

मी हसून दार उघडून दिलं.

तिची वाट पाहायचो.