रानमेथी

विठाबाई वाफ्याच्या कडेला येऊन उभी राहिली, तेव्हा बालवाडीची बावीस पोरं उकिडवी बसून गवत उपटत होती. तिची गौतमीही त्यांत होती. चार वर्षांची पोर, इस्त्रीचा फ्रॉक चिखलात, नखांत काळी माती. विठाबाईचा चेहरा पाहूनच बालवाडीच्या वत्सलाबाई लगबगीनं पुढे आल्या.

"हजेरीतून हिचं नाव काढा, बाई," विठाबाई म्हणाली. "निंदायलाच लावायची असती, तर गावाकडं काय शेतं कमी होती?"

वत्सलाबाई पडल्या जुन्या नाशकातल्या. त्यांची शेतीवाडी म्हणजे गॅलरीतली एक तुळस आणि डब्यात लावलेला ओवा. पण बालवाडीच्या प्रशिक्षणात कुणीतरी सांगितलं होतं, की लहान मुलाला माती, किडा, पान हाताळू द्यावं. बाईंनी ते अगदी मनावर घेतलं. कॉलनीतल्या बुद्धविहाराच्या पडवीत त्यांची बालवाडी भरायची आणि मागे पाटापर्यंत एक मोकळी पट्टी होती. दर शनिवारी बाई सगळी फौज घेऊन तिकडे निघायच्या.

सत्त्याहत्तर साल असेल. काय दिवस होते ते! पाट तेव्हा उघडा वाहायचा, थंडीत सकाळी पाण्यावर धुकं असायचं. तारेवर खंड्या येऊन बसायचा, आणि तो उडेपर्यंत बावीस पोरं तोंडातून अवाक्षर काढायची नाहीत. कुणाच्या पाटीवरून गोगलगाय चालायची, कुणी मुंगळ्यांची रांग मोजत दुपार करायचं. मेथी भाजीवाल्या सखुबाईच्या टोपलीत उगवते अशी ज्यांची समजूत, त्यांनी त्या वर्षी स्वतःच्या हातानं मेथी पेरली. रोज आल्या आल्या आधी वाफा बघायचा आणि मगच प्रार्थना. ती पोरं आज पन्नाशीच्या पुढे गेली, पण भेटली की अजून त्या पाटाचंच काढून बसतात.

आयांना मात्र हे पटत नव्हतं, आणि त्यांचं तरी काय चुकलं? सिन्नरकडून, कळवणकडून आलेल्या या बाया. दुसऱ्याच्या बांधावर जन्म काढलेला. आता कुठे नवऱ्यांना नोकऱ्या लागल्या, दोन खोल्या मिळाल्या, दारात नळ आला. सकाळी पोरीला पावडर लावून पाठवावी आणि दुपारी ती मातीत लोळून परत यावी, हे कुणाला आवडेल? कुरकुर दिवाळीपासून चालू होती. कॉलनीत विठाबाईचा शब्द चालायचा. तिनं पोर काढली, की मागोमाग पाच-सहा जणी काढणार. पट विसाच्या खाली गेला की बालवाडी बंद, असा हुकूम आधीच येऊन पडला होता.

वत्सलाबाईंनी समजावून पाहिलं. हे काम नव्हे, ही नुसती ओळख आहे, असं त्या पुन्हा पुन्हा सांगत राहिल्या. पटवून द्यायला म्हणून त्यांनी गौतमीच्या हातातली उपटलेल्या तणाची जुडी घेतली आणि विठाबाईपुढे धरली. बघा, तुमच्या मुलीला मेथी कुठली आणि तण कुठलं हे आता कळतं.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. विठाबाईनं जुडीतलं एक पान चुरगाळून हुंगलं. मग वाकून वाफ्यात उभं असलेलं एक पान हुंगलं. आणि फक्त बाईंना ऐकू जाईल एवढ्याच आवाजात म्हणाली, की उपटून टाकलीय ती मेथी आहे आणि राखलीय ती रानमेथी.

दोन्हींना तीन-तीन पानं. दिसायला सख्ख्या बहिणी. कुठलं उपटायचं ते सकाळी बाईंनीच दाखवलं होतं, आणि पोरांनी विश्वासानं अर्धा वाफा साफ केला होता. वत्सलाबाईंना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. पोरांना यातलं काहीच कळलं नव्हतं. गप्प बसल्या असत्या, तरी निभावलं असतं.

पण बाईंनी टाळी वाजवून सगळ्यांना जवळ बोलावलं. "मुलांनो, माझं चुकलं," त्या म्हणाल्या. "मला मेथी ओळखता आली नाही. गौतमीच्या आईला येते." एवढं बोलून त्या पायरीवर जाऊन बसल्या आणि नाव खोडायला हजेरीची वही उघडली.

विठाबाईनं पदर खोचला आणि वाफ्यात बसली. बोटं मुळाशी जात होती, रानमेथी वर येत होती, शेजारची मेथी हलतसुद्धा नव्हती. पोरं डोळे विस्फारून बघत होती. एकानं धीर करून तिच्यापुढे नाक केलं, तेव्हा तिनं दोन्ही पानं चोळून त्याला हुंगायला दिली. मग काय, बावीस नाकांची रांगच लागली. शेवटी तिनं स्वतःही एक पान हुंगलं, सावकाश, डोळे मिटून.

गौतमी मागून येऊन तिच्या गळ्यात पडली. "आई, तुला कोणत्या बाईंनी शिकवलं?"

विठाबाईचा हात थांबला.

"मला कुठल्या बाई, पोरी? मुकादम होता. पान हुंगायला थांबलं, तर पाठीत बसायची. आन् त्याचं चुकलं, तरी मार आमालाच."

ती हात झटकत उठली आणि पायरीपाशी आली. बाईंची पेन्सिल गौतमीच्या नावावर टेकली होती.

"ऱ्हाऊ द्या ते नाव," विठाबाई म्हणाली. "हिला बाई हायेत."